गोदूच्या डाव्या हाताचं वय

शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत गोदू सलग चौथ्या वर्षी पहिली उभी राहिली, हे ऐकून श्रीधरपंतांना आधी आनंदच झाला. पहिला नंबर कशातही आला तरी तो पहिला नंबरच, असं म्हणून ते पेढे आणायला चपला घालू लागले. तेवढ्यात भानुमतीबाईंनी स्वयंपाकघरातून खुलासा केला, "अहो, रांग उंचीनं लावतात. सगळ्यात बुटकं पोर पुढं."

पंतांनी चपला काढल्या आणि ते परत खुर्चीत बसले.

मुलगा वैजनाथ वाळूजच्या कारखान्यात, सून अंबिका टेलिफोन ऑफिसात. त्यामुळं नातीला मुलांच्या डॉक्टरांकडं नेण्याचं काम आजोबांकडं आलं. ते त्यांनी आनंदानं घेतलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत अडतीस वर्षं काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. शहरात कोण आलं आणि कोण गेलं, हे त्यांच्या सहीशिवाय पक्कं होत नसे. निवृत्तीला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्यांच्यापुढं भरायला एकही फॉर्म आला नव्हता. दवाखान्यातल्या बाईनं फॉर्म पुढं सरकवला, तेव्हा त्यांनी तिचं पेन नाकारून खिशातलं स्वतःचं काढलं.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. गोदूला दोन जन्मतारखा होत्या. एक घरची, चार डिसेंबर. हिला शिरा होतो. दुसरी शाळेची, एक जून. हिला काहीच होत नाही. यात नवल वाटून घेण्यासारखं काही नाही. शाळा जूनमध्ये उघडते, मुलाचं वय त्या दिवशी पुरं भरलेलं लागतं, आणि हेडमास्तर दयाळू असतात. आमच्या मराठवाड्यात एक जूनला जन्मलेली माणसं मोजली, तर त्या तारखेला गावोगावच्या सुइणींना पाणी प्यायलासुद्धा सवड मिळाली नसेल.

गोदूच्या बाबतीत मात्र तारीख नुसती सरकली नव्हती, चांगली दीड वर्ष मागं गेली होती. साडेचार वर्षांच्या पोरीनं हेडमास्तरांना तीसपर्यंत पाढे म्हणून दाखवले, म्हणून पंतांनी तिला एकदम दुसरीत बसवली. अंबिकेनं तेव्हा सांगितलं होतं, "अण्णा, पोरगी लहान आहे, पहिलीतच बसू द्या." पण पंतांनी प्रतिज्ञापत्र स्वतःच्या वळणदार अक्षरात करून दिलं. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या तारखांतली खाडाखोड लाल शाईनं अडवली, त्यानं हे कसं केलं, असं कुणी विचारील. पंतांचं उत्तर तयार होतं. त्यांनी खाडाखोड केलीच नव्हती. नवीन कागद केला होता.

तर दवाखान्यातल्या फॉर्मवर पंतांनी अजिबात न अडखळता 'एक जून' लिहिलं. कागदावर कागदावरचीच तारीख लिहायची, हा त्यांचा नियम. घरची तारीख शिऱ्यापुरती.

डॉक्टरांनी गोदूची उंची मोजली, फॉर्मवरचं वय बघितलं आणि एका तक्त्यावर ठिपका दिला. तक्त्यावर वळणावळणाच्या रेघा होत्या, आणि ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली पडला. पंतांनी उभ्या आयुष्यात समासाबाहेर अक्षर जाऊ दिलं नव्हतं. आज सख्खी नात समासाबाहेर गेली.

"डाव्या हाताचा एक्स-रे काढून आणा," डॉक्टर म्हणाले. "पण वाचून मात्र लहान मुलांच्याच रेडिऑलॉजिस्टकडून आणा. मोठ्या माणसांचे फोटो वाचणारे पुष्कळ आहेत. मुलांची हाडं वाचणं वेगळं असतं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलनीभर झाली. शेजारच्या आवडाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "पोरगी बुटकी हाय, तर हाताचा फोटू कशाला? उंची काय हातात असती?"

"आन त्यो बी डावा!" समोरचे कारभारी म्हणाले. कारभारी मूळचे पिशोरचे. शेती तिकडं, पोरं इकडं, आणि कारभारी ज्या बाजूला चहा होत असेल त्या बाजूला. "पंत, लिवताना चुकलं आसंल डाक्टरचं. पाय लिवायचा आसंल."

एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले रामकिसन जरा विचारी होते. ते म्हणाले, "दोन्ही पायांचा जोडीनं काढा. एक लांब निघाला, एक आखूड निघाला, तर निदान तुलना होईल."

भानुमतीबाईंची हरकत निराळीच होती. पोरीचा असा पहिलावहिला फोटो, तो डाव्या हाताचा काढू नये. काढायचाच तर उजवा काढावा, आणि काढताना बांगडी घालावी.

दुसऱ्या दिवसापासून पंत शोधाला लागले. समर्थनगरातल्या पहिल्या एक्स-रे सेंटरवरचा माणूस म्हणाला, "आमच्याकडं सगळ्यांचे निघतात. मूल लहान, म्हणून फोटो लहान. बाकी तेच." दुसऱ्या ठिकाणी पंतांनी डॉक्टरांची भेट मागितली.

"डॉक्टर भेटत नाहीत," काउंटरवरची बाई म्हणाली.

"बाहेरगावी गेलेत?"

"आतच आहेत. पण ते पेशंटला बघत नाहीत. अंधारात बसून फोटो बघतात आणि शेरा लिहून पाठवतात."

पंत थक्क झाले. अर्जदाराचं तोंड न बघता केवळ कागदावरून निर्णय देणारा अधिकारी! असा वरिष्ठ मिळावा म्हणून ते अडतीस वर्षं तळमळले होते, आणि तो डॉक्टरांच्यात निघाला. बंद दाराकडं बघून त्यांनी आदरानं टोपी सारखी केली.

तिसऱ्या सेंटरवर, औरंगपुऱ्यात, खाजाभाई भेटले. खाजाभाई म्हणजे मशीन चालवणारे. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा. त्यांनी सांगितलं की मुलांचे फोटो वाचणाऱ्या डॉक्टर सबनीस मॅडम पुण्याहून येतात, महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी. फोटो आजच काढून ठेवता येईल.

शाळा सुटल्यावर पंत गोदूला घेऊन आले आणि तिथल्या फॉर्मवरही त्यांनी 'एक जून'च लिहिलं. खाजाभाईंनी तिचा हात पाटीवर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, पाटी पे मैना बैठी है. हिली तो उड जाएगी." गोदूनं श्वाससुद्धा रोखून धरला. फोटो निघाला. हाताची सगळी हाडं काळ्या फिल्मवर पांढरी उमटली.

फिल्म पाकिटात घालता घालता खाजाभाई कौतुकानं म्हणाले, "पंतसाब, मॅडम का काम बडा अजब है. बच्चे का मुंह देखते नईं, पर्ची देखते नईं. खाली हाथ का फोटू देखे, और उमर बोल दिए."

"उमर?" पंत म्हणाले. "वय?"

"हौ. कागज पे कुछ भी लिखा रहने दो. हड्डी झूट बोलतीच नईं."

पाकीट पंतांच्या हातातून पडलं. ते गोदूनं उचललं.

त्या क्षणापर्यंत पंत लहान मुलांच्या रेडिऑलॉजिस्टला शोधत होते. त्या क्षणापासून ते तिला चुकवू लागले. आता सगळं त्यांच्या ध्यानात आलं. तक्त्यावरचा ठिपका ज्या वयाच्या सरळ रेषेत दिला होता, ते वयच त्यांनी दिलेलं होतं. पोरगी समासाबाहेर गेलीच नव्हती. समास त्यांनी आत ओढला होता. सरळ डॉक्टरांकडं जाऊन "तारीख चुकली" म्हणायचं, एवढंच खरं तर काम. पण अडतीस वर्षांत पंतांची तारीख कधी चुकली नव्हती. शिवाय सबनीस बाईंनी हाडांवरून वय लिहिलं की तो कागद शाळेत जाणार, शाळा प्रतिज्ञापत्र काढणार, त्याखाली वळणदार सही निघणार, पेन्शन थांबणार. पेन्शन थांबली असती तरी ते एक वेळ सोसलं असतं. पण मग अंबिका म्हणाली असती, "मी सांगितलं होतं, अण्णा." हे ऐकण्यापेक्षा पंत उपाशी राहायला तयार होते.

घरी येऊन ते म्हणाले, "त्या डॉक्टर पुण्याला असतात." यात खोटं काही नव्हतं. फक्त वाक्य लवकर संपलं होतं.

पण घरात फिल्म आहे म्हटल्यावर ती बघितल्याशिवाय कॉलनी थोडीच राहणार होती? पुढच्या गुरुवारी दुपारी सगळे पंतांच्या खिडकीशी जमले. रामकिसनांनी तिकीट तपासावं तशी ती दोन्ही बाजूंनी उलटीपालटी करून उजेडात धरली आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"पंत, हे बघा. बोटाचं हाड आणि त्याचं टोक, मधे फट आहे. इथंही फट. मनगटापाशी तर हाडाचा चक्क तुकडा वेगळा पडलाय!"

"लई जागी तुटलंय," कारभारी म्हणाले. "आन मनगटात नुसते खडे दिसून ऱ्हायले. म्हणून वाढ खुंटली पोरीची! आमच्या वेरुळाकडचा सांडू हाडं बसवतो. बैलाचीबी बसवतो, माणसाचीबी बसवतो. आणू का?"

पंतांनी नको म्हणायला तोंड उघडलं. पण त्याच वेळी त्यांच्या मनात एक अत्यंत लाजिरवाणा विचार येऊन गेला. हात मोडलेला निघाला, तर वयाचा विषयच निघणार नाही. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

दोन तासांत कारभाऱ्यांनी जीप पाठवून सांडूला आणला. सांडूनं फिल्म बघितलीच नाही. त्यानं गोदूचं मनगट दाबलं आणि विचारलं, "दुखतं का गं माय?"

गोदूची शुक्रवारी गणिताची चाचणी होती. "लई दुखतं," ती म्हणाली.

"लिवता येतंय का?"

"नाही. मी डावरी आहे."

तिच्या आजीला ही माहिती नवीन होती. पण पुढचं काही बोलायच्या आत सांडूनं हळदीचा लेप लावून, चार कामट्या बांधून, वर धोतराचं फडकं गुंडाळून गोदूचा धडधाकट हात एका मुसळाएवढा केला होता. तो गळ्यात अडकवून गोदू कॉलनीतल्या प्रत्येक दारात जाऊन आली.

साडेपाचला अंबिका आली. तिनं मुलीचा हात बघितला, हळद बघितली, मग सांडूकडं बघितलं. सांडूला एकाएकी शेवटची गाडी आठवली. कारभारी त्याला पोचवायला गेले, रामकिसन कारभाऱ्यांना पोचवायला गेले, आणि आवडाबाईंच्या चुलीवर दूध होतं.

"अण्णा," अंबिका म्हणाली, "फ्रॅक्चर आहे असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

"रामकिसननं," पंत म्हणाले.

"आणि लहान मुलांच्या त्या डॉक्टर?"

"पुण्याला असतात."

अंबिकेनं पाकीट उलटं करून त्यावरचा नंबर वाचला आणि फोनपाशी गेली. टेलिफोन ऑफिसातल्या बाईपासून जगातली एकच गोष्ट लपवता येत नाही, ती म्हणजे कुणाचा पत्ता. चार मिनिटांत तिनं खाजाभाईंना गाठलं, डॉक्टर सबनीस परवा, शनिवारी सकाळी दहाला येणार हे काढलं, आणि अर्ध्या दिवसाची रजाही टाकली.

शनिवारी एका रिक्षात गोदू, गोदूचा हात, अंबिका, भानुमतीबाई आणि पंत असे बसून निघाले. पंत अशा चेहऱ्यानं बसले होते, की सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं त्यांना नमस्कार करून सांत्वन केलं.

डॉक्टर सबनीस अंधारातल्या अधिकाऱ्यासारख्या अजिबात नव्हत्या. तिशीतल्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्या स्वतःच बाहेर आल्या आणि गोदूच्या हाताकडं बघून म्हणाल्या, "हे काय बांधलंय?"

"हाडं तुटलीत," भानुमतीबाई हळूच म्हणाल्या. "सगळ्या बोटांची. फटी दिसतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना आत नेलं, फिल्म दिव्याच्या काचेवर लावली आणि पेन्सिलीनं दाखवत सांगू लागल्या. "आजी, ह्या फटी नाहीत. तिथं कूर्चा आहे, कानाच्या वरच्या कडेसारखी मऊ. ती एक्स-रेत दिसत नाही. हाड वाढतं ते तिथूनच. मनगटात हे खडे दिसतात ना, ती एकेक करून तयार होणारी हाडं. कुठलं कधी येतं, याचा साधारण क्रम ठरलेला असतो. मोठं झाल्यावर सगळं जुळतं आणि फटी बुजतात. म्हणून मोठ्यांचेच फोटो बघायची सवय असलेल्याला मुलाचा हात बघून कधी कधी वाटतं, मोडलाय."

"आणि डावाच का?" भानुमतीबाईंनी कॉलनीच्या वतीनं विचारलं.

"सगळ्यांनी एकच हात ठरवून घेतलाय, म्हणजे तुलना करता येते. हे बघा." त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. पानोपानी हातांचे फोटो होते, प्रत्येकाखाली वय. "आपला फोटो ज्या पानाशी जुळतो, ते हाडांचं वय. एका हातात दोन डझनांवर हाडं असतात, म्हणून एवढाच फोटो पुरतो. सगळ्या अंगाचे काढायला नकोत. मुलांवर किरण जितके कमी टाकता येतील तितके कमी टाकायचे, हेसुद्धा आमचंच काम. मूल म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस नव्हे, एवढं लक्षात ठेवायला मी जास्तीची दोन वर्षं शिकले."

पंतांनी एवढा वेळ श्वास रोखून धरला होता, जणू त्यांच्याही पाटीवर मैना बसली होती. हे सगळं त्यांना आवडलं होतं, हीच खरी अडचण होती. एक पुस्तक, एक नमुना, नमुन्याशी ताडून शेरा! आपण जन्मभर ज्याला काम म्हणत आलो, ते याच्यापुढं नुसतं शिक्के मारणं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

बाईंनी पानं उलटली, एका पानाशी थांबून मुलांच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हाडं दीड वर्षानं मागं आहेत," त्या म्हणाल्या.

अंबिका खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "म्हणजे काय, डॉक्टर?"

"नुसतं एवढ्यावरून ठरत नाही. पण उंचीही कमी आहे. मी डॉक्टरांना लिहिते. ते रक्त तपासतील. वाढीचं काही कमी निघालं, तर इंजेक्शनं द्यावी लागतात. रोज एक, काही वर्षं."

"रोज?" गोदू म्हणाली.

एवढा वेळ ती मुसळाएवढ्या हाताचा अभिमान बाळगून बसली होती. आता ती खाली उतरली, आजोबांच्या मागं गेली आणि बांधलेल्या हातातून जेवढी बोटं बाहेर होती तेवढ्यांनी तिनं त्यांचं धोतर घट्ट धरलं. भानुमतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. अंबिकेनं खुर्चीची पाठ अजून सोडली नव्हती.

पंतांनी घसा साफ केला.

"बाई," ते म्हणाले, "सदरहू मुलीच्या वयाच्या नोंदीत एक तफावत आहे."

"कसली?"

"ती तफावत मी आहे."

मग त्यांनी सांगितलं. दुसरीचा वर्ग सांगितला, तीसपर्यंतचे पाढे सांगितले, प्रतिज्ञापत्र सांगितलं, फॉर्म सांगितला. खाजाभाईंनी हाडांबद्दल सांगितलं तेव्हाच आपल्याला कळलं होतं, हेही सांगितलं, आणि सांडूला बांधू का दिलं हेसुद्धा. सांगताना त्यांनी एकदाही सुनेकडं बघितलं नाही. शेवटी म्हणाले, "खरी तारीख चार डिसेंबर. पोरीला आठ वर्षं पुरी होऊन सव्वा महिना झालाय. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण तिला सुई टोचू नका."

डॉक्टर सबनीसांनी पुस्तकाचं उघडं पान त्यांच्यापुढं फिरवलं. पानाखाली आठ वर्षं लिहिलं होतं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "हाडं अगदी वेळेवर आहेत." मग त्यांनी कागदावर तसल्याच रेघा काढून ठिपका दिला. ठिपका खालच्या दोन रेघांच्या मधोमध पडला. "उंची थोडी कमीच्या बाजूला, पण आत आहे. आईकडं बघितलं तर कारणही दिसतं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. इंजेक्शन वगैरे काही नाही."

अंबिकेची उंची सव्वातीन हातही भरली नसती. ती खुर्चीत बसली आणि आधी हसली, मग रडली, मग तिनं दोन्ही एकदम करून बघितलं.

"इथला फॉर्म द्या," पंत म्हणाले. बाईंनी दिला. पंतांनी पेन काढलं, 'एक जून'वर एकच आडवी रेघ मारली, वर 'चार डिसेंबर' लिहिलं आणि बाजूला सही केली. उभ्या आयुष्यातली ही त्यांची पहिली खाडाखोड. मग ते सुनेकडं वळून ताठ उभे राहिले. "बोल आता," ते म्हणाले.

अंबिकेनं त्यांच्याकडं बघितलं. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं सगळ्यांना दिसलं. पण ती म्हणाली, "अण्णा, यापुढं फॉर्म मी भरणार. तुम्ही फक्त पेन द्यायचं."

पंतांना हे त्या दुसऱ्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. पण त्यांनी पेन दिलं.

"म्हणजे मी आठच वर्षांची?" कामट्या सोडवून घेता घेता गोदूनं विचारलं. "मग मी पाचवीत कशी? सोमवारपासून तिसरीत बसते. तिसरीचं गणित सोपं आहे." या अर्जावर निर्णय राखून ठेवण्यात आला.

सगळे बाहेर पडले. खाजाभाई गोदूच्या हाताची हळद पुसत होते. पंत मात्र चष्मा विसरल्याचं सांगून परत आत गेले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"बाई, एक खाजगी विचारतो," त्यांनी दार लोटून घेतलं. "समजा, माझ्या हाताचा फोटो काढला, तर माझं वय निघेल?"

"नाही आजोबा. वाढ संपली की फटी बुजतात. मग हातावरून नेमकं वय सांगता येत नाही. का हो?"

पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या शाळांचे उर्दू दाखले मराठीत आले, तेव्हा फसली सनाचं इसवी सन करताना एका दयाळू हेडमास्तरांच्या हातून चौदा-पंधरा वर्षांच्या श्रीधरची दोन वर्षं गळून पडली होती. त्यामुळं ज्या वर्षी निवृत्त व्हायचं, त्याच्या पुढं आणखी दोन वर्षं ते लोकांच्या जन्मतारखा काटेकोरपणे तपासत बसले होते.

"काही नाही," पंत म्हणाले. "शास्त्राविषयी कुतूहल."

आणि डावा हात खिशात घालून ते बाहेर पडले.